मतदान कार्डासोबतची चिठ्ठी

सातारा, रविवार

चि. सायली हिस अनेक आशीर्वाद.

या पाकिटात तुझं मतदान कार्ड आहे. आईच्या साड्यांच्या घड्यांखाली निघालं. "पासपोर्ट नूतनीकरणाला दिलाय, पण फोनमध्ये आधार आहे की," असं आजीबरोबरच्या नेपाळच्या सहलीचं बोलताना तू परवा म्हणालीस, तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच घोळतंय.

पुणे-दिल्ली विमानाला आधार चालेल. दिल्लीहून काठमांडूला नाही चालणार. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, १९५० च्या करारापासून ये-जा मोकळी आहे. म्हणून लोकांना वाटतं, काहीही दाखवलं की झालं. सोनौलीला माणसं पायी सीमा ओलांडतात, तिथे कुणी फारसं विचारतही नाही. विमानाचं मात्र तसं नाही. तिथे पासपोर्ट नाहीतर निवडणूक आयोगाचं फोटो असलेलं कार्ड, दोन्हींपैकी एक लागतंच, आणि तेही मूळ. झेरॉक्स किंवा फोनमधल्या फोटोच्या भरवशावर जाऊ नकोस. आधार ही ओळख झाली, नागरिकत्वाचा पुरावा नव्हे. मतदार यादीत नाव यायला मात्र नागरिक असावं लागतं. अठरा पूर्ण झाल्यावर मी तुला अर्ज भरायला नेलं, तेव्हा किती कुरकुरली होतीस, आठवतं?

आमच्या ऑफिसातले एकजण असेच आधारच्या भरवशावर निघाले होते. बाकीचे सगळे काठमांडूला पोचले, हे दिल्लीतच एका लॉजवर चार दिवस.

आजीचं निराळं. पासष्टच्या पुढच्यांना आणि पंधराच्या आतल्यांना नेपाळ-भूतानसाठी २०१९ पासून आधारही चालतं. ती बहात्तरची, म्हणजे अडचण नाही. पण तिच्या आधारवर जन्मतारीख १ जून आहे, शाळेत गुरुजींनी टाकलेली. आपण वाढदिवस करतो तो दिवाळीतला. तिकिटात चुकून ती तारीख टाकू नकोस. आणि तिथे नाव 'सुमनबाई' आहे, नुसतं 'सुमन' नाही.

तुझ्या नावाचंही बघ. कार्डावर 'सायली प्रकाश शिंदे' आहे. तिकीट काढताना बापाला गाळलं असशील तर आत्ताच विमान कंपनीला फोन करून विचार, काउंटरवर वाद घालण्यापेक्षा बरं.

काठमांडूहून पुढे बँकॉकला जायचं ते मैत्रिणींचं खूळ डोक्यातून काढ. या कार्डावर फक्त जाऊन परत यायचं. काठमांडूत ते हरवलंच, तर तिथे लैंचौरला आपला दूतावास आहे, परतीपुरता कागद ते देतात. दोघींच्या कागदांच्या झेरॉक्स तेवढ्यासाठी आजीच्या पिशवीत ठेव, तुझ्या नको. तुझ्या पिशव्या कुठे राहतात ते मला माहीत आहे.

कार्डावरचा फोटो बघून आई म्हणते, ही आपली पोर नव्हेच. दिल्लीत साहेबाने निरखून पाहिलं तर हसू नकोस. पाकीट मिळाल्यावर फोन कर.

तुझे
बाबा