सूर कोणाचा, खरखर कोणाची

मझवेल हिल, लंडन
रविवार, रात्रीचे साडेदहा

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

मायना वाचून हसू नकोस, शाळेतला तेवढाच आठवतो. फोनवर आपल्या मिरवणुकीच्या पीसची चाल कोणाची हा विषय काढला की तू ‘जेवलास का’ विचारतोस आणि फोन वहिनीकडे देतोस, म्हणून कागद घेतला. परवा व्हिडिओ कॉलवर तुझा धाकटा मला म्हणाला, ‘काका, पप्पांच्या बेंजो पार्टीत तू नुसता ताशा वाजवायचास ना?’ घरात काय सांगितलं जातंय ते तेव्हाच कळलं.

मुद्द्यावर येतो, पण जरा वळसा घालून.

आमच्या खोलीपासून चालत जाण्यासारख्या अंतरावर फोर्टिस ग्रीन नावाचा रस्ता आहे. तिथल्या एका साध्या घरात आठ भावंडं वाढली. आधी सहा बहिणी, मग दोन भाऊ, रे आणि डेव्ह डेव्हिस. दोघांत अडीच वर्षांचं अंतर, आपल्याएवढंच. समोर क्लिसोल्ड आर्म्स नावाचा पब आहे, तिथे या पोरांनी पहिल्यांदा लोकांसमोर वाजवलं. पुढे त्यांचा ‘द किंक्स’ हा बँड झाला. आज दुपारी मी त्या पबमध्ये बसलो होतो. भिंतीवर दोघांचे फोटो आहेत, एकाच फ्रेममध्ये. फ्रेममध्ये काय, माणसं मुकाट्याने शेजारी बसतात.

१९६४ साली त्यांची पहिली दोन गाणी आपटली होती. तिसरं ‘यू रिअली गॉट मी’. रेने पुढच्या खोलीतल्या पियानोवर त्याची सुरुवात बसवली. दोनच कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सुरांचे दोन झुबके, पाच फटके, संपलं. पण गाणं ऐकशील तर ते पाच फटके गिटारचे वाटतच नाहीत, पत्र्यावर करवत चालवल्यासारखे वाटतात. हा आवाज डेव्हचा. सतरा वर्षांचं पोर, त्याच्याकडे एल्पिको नावाचा छोटा हिरवा अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा अँप्लिफायर होता. एक दिवस डोकं फिरलं आणि त्याने दाढीच्या ब्लेडने स्पीकरचा कागदी पडदा चिरला. पडदा फाटला, पण पूर्ण गेला नाही, फडफडत वाजायला लागला. तो आवाज मग मोठ्या व्हॉक्स अँपमध्ये घातला आणि झाली ती खरखर. ऑगस्टमध्ये रेकॉर्ड बाजारात आली, सप्टेंबरात इंग्लंडात पहिल्या नंबरावर.

तुला यात नवल वाटणार नाही. आपण मिरजेचे. सतारमेकर गल्लीत तासन्‌तास सतारीच्या तारांखालच्या घोडीवर कानस फिरवणारी माणसं आपण शाळेत जाता-येता बघितली. स्वच्छ सूर त्यांना मिळमिळीत वाटायचा. तारेखाली दोरा सरकवून जरा झणझणला, की मान डोलायची. डेव्हने तेच केलं, फक्त रागाच्या भरात.

आता भांडण बघ. गाणं गाजल्यावर लोक म्हणायला लागले, एवढ्या पोराला गाण्याच्या मधला असा सोलो, म्हणजे एकट्या गिटारचा तुकडा, येतोय होय? तो जिमी पेजने वाजवला असणार. पेज म्हणजे पुढे लेड झेपलिन काढणारा. तेव्हा तो लंडनच्या स्टुडिओंमध्ये रोजावर गिटार वाजवायचा. संशयाला जागाही होती. त्या रेकॉर्डिंगला बँडचा ड्रमर बाजूला बसवून ड्रमवर बाहेरचा माणूस घेतला होता, आणि पेजने किंक्सच्या पहिल्या अल्बमवर काही ठिकाणी साथीची गिटार खरोखरच वाजवली होती. पण हा सोलो माझा नाही, असं पेजनेच सांगितलं. निर्माता शेल टॅल्मीनेही तेच सांगितलं. ज्याला फुकटात श्रेय मिळत होतं तोच नाही म्हणतोय, मग आणखी पुरावा काय पाहिजे? तरी ती वदंता कित्येक वर्षं डेव्हच्या मागे लागली होती.

परक्यांचं हे असं. खरं दुखणं घरात निघालं. रे सांगायचा की स्पीकरमध्ये विणकामाच्या सुया खुपसल्या, म्हणजे ते दोघांचं काम. सत्तरीला टेकलेला डेव्ह त्यावर भडकला. भाऊ खोटं बोलतोय, ब्लेड माझं, अँप माझा, तो आवाज मी एकट्याने काढला, असं त्याने जाहीरपणे सांगितलं. पियानोवरची सुरुवात रेची, हे मात्र तोही मान्य करतो.

मला डेव्हचं पटतं. सुया कोणीही खुपसेल, पण स्वतःचा अँप ब्लेडने फाडायला घरात धाकटा असावा लागतो. आणि रेकॉर्डवर गीतकार-संगीतकार म्हणून नाव एकट्या रेचं. गाण्याचे पैसे त्या नावाला. चाल कोणाची हे लिहायला जागा असते, खरखर कोणाची हे लिहायला नसते.

आता आपलं. मिरवणूक लक्ष्मी मार्केटपाशी आली की आपली पार्टी जो पीस सुरू करायची, तो बेंजोवर तू वाजवायचास, हे मी कधी नाकारलं? पण ती चाल मी दूध आणायला जाताना सायकलवर शिट्टीत धरली होती. तू अंगणात दात घासत होतास, ऐकलंस आणि म्हणालास, ‘परत वाजव.’ हे ‘परत वाजव’ तू विसरलास. बेंजोची पट्टी एक घर वर नेऊन तू त्यात जो ठसका आणलास तो मला जन्मात सुचला नसता, हेही लिहून देतो. धाकट्याला एवढं दोन्ही सांग.

माळ्यावर पत्र्याच्या पेटीत त्या वर्षीच्या मिरवणुकीची कॅसेट आहे, हिरव्या कव्हरची. पीस सुरू व्हायच्या आधी कोणीतरी ‘एक, दोन’ मोजतं. मला खात्री आहे, तो माझा आवाज. कॅसेट चालू करून ऐक आणि कळव. तुझा निघाला तर काही कळवू नकोस.

आईला गुडघ्याचं तेल पाठवलंय, पोचलं का? वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळू

ता. क. ताशाही मीच वाजवायचो, ते मात्र खरं आहे.