घोड्याचा नंबर छापता, वजनही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुण्याचा पावसाळी हंगाम असो की मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सचा हिवाळी, वर्तमानपत्रांत घोड्यांच्या रेसचा निकाल येतो तो तीन नावांत. पहिला, दुसरा, तिसरा. फेव्हरिट, म्हणजे ज्याच्यावर सगळ्यांत जास्त पैसा लागलेला तो घोडा, मागे राहिला की ‘निराशा केली’ हे शब्द ठरलेले. ज्या कोल्हापुरात रेसकोर्स नाका आहे आणि खासबागचं कुस्ती मैदानही आहे, तिथल्या वाचकाची एवढ्यावर बोळवण करू नये. खासबागचं मैदान बघून आलेल्या माणसाला घरचे आधी विचारतात, ‘जोड कुणाशी होती?’ तालमीतल्या कोवळ्या पोरानं नावाजलेल्या मल्लाला वीस मिनिटं झुंजवून कुस्ती बरोबरीत सोडवली, तर लोक त्याला खांद्यावर घेतात. घोड्याच्या बाबतीत मात्र जोड विचारायचीच राहते.

रेसमध्ये जोड लावण्याचं काम वजन करतं. हँडिकॅप रेसमध्ये, म्हणजे घोड्यांच्या कुवतीतला फरक वजनानं भरून काढणाऱ्या रेसमध्ये, प्रत्येक घोड्याला आधीच्या कामगिरीवरून रेटिंग मिळतं. रेटिंग वर गेलं की पाठीवरचं वजन वाढतं. जॉकी (घोडेस्वार) आणि खोगीर मिळून वजन कमी भरलं तर खोगिराच्या कप्प्यात शिशाचे पत्रे घालतात, आणि रेस संपल्यावर जॉकीला खोगिरासकट पुन्हा तोलतात. वजनाचा परिणाम किती, याचा जुना ठोकताळा आहे. १००० मीटरला सुमारे दीड किलो म्हणजे घोड्याची एक लांबी, साधारण अडीच मीटर. १६०० मीटरला तीच लांबी किलोभरात जाते आणि २४०० मीटरला अर्ध्या किलोत, कारण अंतर वाढेल तसं ओझं जास्त भोवतं.

आता हे उदाहरण बघा. एक घोडा १६०० मीटरची रेस ५४ किलो घेऊन एका लांबीनं जिंकतो. पुढच्या रेसला त्याच तोडीच्या घोड्यांसमोर त्याच्यावर ५८ किलो चढतात. चार किलो म्हणजे चार लांब्या. एक लांबी त्याच्या पदरात होती, तेव्हा हिशेबानं तो तीन लांब्यांनी हरायला हवा. प्रत्यक्षात तो दीड लांबीनं हरून तिसरा येतो. म्हणजे दुसऱ्या रेसमध्ये तो पहिल्या रेसपेक्षा सरस पळाला. निकालाच्या ओळीत मात्र ‘विजेता घोडा पराभूत’ एवढंच दिसतं, आणि ट्रेनरनं काय बिघडवलं याची चर्चा सुरू होते.

अपेक्षा मोजायला पैजा घेणाऱ्या बुकींचे भाव आहेतच. दोनास एक भाव म्हणजे जिंकल्यास रुपयामागे दोन रुपये नफा, म्हणजेच तिनात एक शक्यता; बरोबरीचा म्हणजे रुपयाला रुपया. समजा सहा घोड्यांचे भाव असे आहेत: एकाला बरोबरीचा, एकाला दोनास एक, एकाला चारास एक, दोघांना नवास एक आणि शेवटच्याला एकोणीसास एक. टक्क्यांत मांडले तर ५०, ३३, २०, १०, १० आणि ५, बेरीज १२८. शंभरावरचे २८ ही बुकीची कमाई. म्हणून फेव्हरिटची खरी शक्यता ५० भागिले १.२८, म्हणजे ३९ टक्केच राहते. बरोबरीच्या भावाचे असे शंभर फेव्हरिट घेतले तर साठ-एकसष्ट हरणारच. त्यांतल्या प्रत्येकानं निराशा केली असं कसं म्हणायचं?

जॉकी आणि ट्रेनर यांनाही हीच फूटपट्टी लावावी. एक जॉकी १०० वेळा घोड्यावर बसून २५ रेस जिंकला, दुसरा १४. यादीत पहिला वर दिसतो. पण त्यांच्या घोड्यांच्या शक्यता एकेक करून बेरजेत धरल्या आणि पहिल्याकडून अपेक्षा २९ विजयांची, दुसऱ्याकडून १० ची निघाली, तर माझ्या मते चांगलं काम दुसऱ्याचं. अर्थात शंभर रेसमध्ये तीन-चारचा फरक नुसत्या नशिबानंही पडतो, दोन-तीन हंगाम बघितल्याशिवाय निवाडा करू नये. भावही आंधळेपणानं घेऊ नयेत. नावाजलेला जॉकी बसला की पैसा त्याच्या नावावर लागतो आणि भाव घोड्याच्या कुवतीपेक्षा खाली येतो. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली म्हटलं. मग ते कौशल्य मोजण्याची रीतही वाचकांपर्यंत पोचायला हवी.

नंबर एकटाच किती फसवतो, हे १९७३ साली अमेरिकेत दिसलं. सेक्रेटेरियट हा घोडा वुड मेमोरियल रेसमध्ये तिसरा आला तेव्हा अनेकांनी त्याला मोडीत काढलं. त्याच्या ओठाच्या आत गळू झालं होतं. दोनच आठवड्यांनी त्यानं केंटकी डर्बी जिंकली, तीही दोन मिनिटांच्या आत. ती वेळ आजही त्या रेसचा विक्रम आहे. त्याच्या मागे अडीच लांब्यांवर आलेला शॅम बहुतेक कुठल्याही दुसऱ्या वर्षी ती डर्बी जिंकला असता, इतका वेगानं पळाला होता.

चुकीच्या अपेक्षेची किंमत शेवटी जनावर मोजतं. ‘हरला’ म्हणून घोडा आठवड्याभरात पुन्हा उतरवला, की पुढच्या पायाच्या मागची शीर (स्नायू हाडाला जोडणारी दोरी, कंडरा) भरू शकते. ती गरम लागते, दाबली तर घोडा पाय ओढून घेतो. एकदा शीर फाटली की बरी व्हायला कित्येक महिने जातात आणि पहिल्यासारखी ती होत नाही. दोन वर्षांच्या शिंगराची गुडघ्याजवळची हाडंही पुरती भरलेली नसतात. रेसनंतर खुराक तसाच राहिला, नाकात रक्त दिसलं, तर घोड्यानं हरण्याचं कारण स्वतःच सांगितलेलं असतं.

आपल्या जिल्ह्यातल्या घोडागाडी शर्यतींच्या बातम्यांत तर नंबर आणि बक्षिसाची रक्कम एवढंच असतं. अंतर किती, रस्ता डांबरी की मातीचा, एकाच दिवशी त्या घोड्याच्या किती फेऱ्या झाल्या, काही कळत नाही. तिसरी फेरी पळून आलेला घोडा ताज्या घोड्याकडून हरला, तर ती बातमी वेगळी लिहायला हवी. डांबरावर खुरांना आणि सांध्यांना बसणारा मारही त्यात धरावा.

माझी विनंती छोटी आहे. प्रत्येक निकालाखाली एक ओळ वाढवावी: अंतर, किती घोडे पळाले, धावपट्टी कोरडी की ओली, पहिल्या तिघांचं वजन, दोघांमधला फरक आणि सुटतानाचा भाव. ‘१६०० मीटर, ९ घोडे, पट्टी ओली, ५४, ५९, ५२.५ किलो, फरक अर्धी लांबी, दोन लांब्या, भाव चारास एक, बरोबरी, नवास एक.’ एवढं वाचलं की ५९ किलो घेऊन अर्ध्या लांबीनं दुसरा आलेला घोडा कोल्हापूरच्या माणसाला बरोबर दिसेल.

आपला,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर