काड्या मोजायला अमेरिकेत

ती. आई-बाबांना आणि आजीला सा. न.,

तब्येत ठणठणीत आहे, जेवण, रूम, युनिव्हर्सिटी सगळं कॉलवर कळतंच तुम्हाला, ते परत लिहीत नाही. फोनवर मधेच कुणीतरी फोन ओढून घेतं आणि माझा मुद्दा राहतो म्हणून टाइप करतेय. आई, आजीला वाचून दाखव.

आधी अस्वलाचं. बाबा, तो व्हिडिओ तुम्ही मलाही पाठवलात, मावशीलाही आणि वर फॅमिली ग्रुपवर पण टाकलात. हो, मोंटानात अस्वलं आहेत, ग्रिझली पण आहेत. पण आमच्यात फिल्डवर एकटीने कुणी जात नाही, आणि कमरेला स्प्रे असतो, त्यात काय असतं तर मिरचीचा अर्क! आजीला हे पटेल.

आता त्या फोटोचं. काका म्हणाले म्हणे, पोरगी जंगल वाचवायचं शिकायला गेली आणि हातात पेटता टेंभा. त्याला ड्रिप टॉर्च म्हणतात, डिझेल-पेट्रोलचं मिश्रण भरलेला डबा, नळीतून पेटतं तेल थेंब थेंब खाली पडतं. आणि हो, इथे जंगलाला मुद्दाम आग लावतात, सरकारच लावतं. मलाही आधी वेडेपणा वाटला होता. पण बघा, मिझुलाच्या, म्हणजे माझ्या युनिव्हर्सिटीच्या गावाच्या, आसपास पाँडेरोसा पाइनची झाडं खूप, त्याची साल इतकी जाड की जमिनीलगतच्या बारक्या आगीने त्याला काही होत नाही, खालचं गवत आणि रोपटी तेवढी जळतात. इथले मूळचे सॅलिश, कूटनई लोक पूर्वापार अशी आग लावायचे. मग १९१० च्या ऑगस्टमध्ये आयडाहो-मोंटानात दोन दिवसांत ३० लाख एकरांच्या आसपास जंगल गेलं, ८५ माणसं तरी मेली, आणि फॉरेस्ट सर्व्हिसने, म्हणजे इथल्या सरकारी वनखात्याने, आगीशी वैरच धरलं. १९३५ मध्ये तर नियमच केला, कुठलीही आग दुसऱ्या दिवशी सकाळी १० च्या आत आटोक्यात आली पाहिजे. झालं काय, जे दर काही वर्षांनी थोडं थोडं जळून जायचं ते साठत गेलं, मोठ्या झाडांखाली छोट्या झाडांची दाटी झाली, आता आग लागली की त्यांच्यावरून चढून थेट शेंड्याला जाते. म्हणून वसंतात, जमीन ओलसर असतानाच, हेच वनखात्याचे लोक स्वतः जाळतात. आपण पावसाआधी राब भाजतो ना, तसंच समजा, फक्त इथे मनात आलं आणि पेटवलं असं नाही. वारा, हवेतला दमटपणा, धूर गावावर तर येणार नाही ना (मिझुला डोंगरांच्या वाटीत आहे, धूर आला की बसूनच राहतो), सगळं जुळलं की आधी छोटा तुकडा पेटवून बघतात, नाही जमलं तर सगळे घरी. त्यामुळे तारीख कुणीच सांगू शकत नाही.

माझं काम जाळण्याआधी आणि नंतर मोजायचं. टेप अंथरायची आणि तिला आडव्या येणाऱ्या काड्या मोजायच्या, पाव इंचाच्या आतल्या वेगळ्या, इंचापर्यंतच्या वेगळ्या, तीन इंचांपर्यंतच्या वेगळ्या, मग पट्टी खुपसून पाचोळ्याचा थर किती खोल ते. बाबा, काड्या मोजायला एवढं लोन काढलं का असं तुम्ही हसत हसत म्हणालात पण मला लागलं ते. त्या काड्यांवरूनच एकरी किती टन जळण पडलंय आणि ज्वाळा किती उंच जाणार ते काढतात.

तर मुद्दा हा की माझे प्लॉट, म्हणजे मी मोजते ते जंगलाचे तुकडे, मेमध्येच कधीतरी जळणार आणि दादाचं लग्नही मेमध्येच. जळल्यानंतरचं मोजमाप चुकलं की थेट पुढचा वसंत, म्हणजे अख्खं वर्ष वाढलं, आणि असिस्टंटशिप (युनिव्हर्सिटी कामाचे देते ते पैसे) तेवढी पुरणार नाही. सरांना विचारलं तर ते म्हणाले जा, भावाचं लग्न आहे, करू काहीतरी. त्यांनी नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मी येत नाहीये. दादाला मी स्वतः सांगितलंय, तो ठीक आहे म्हणाला, पण तो सगळ्यालाच ठीक आहे म्हणतो.

तिकिटाचे बाजूला ठेवलेले पैसे लग्नासाठी पाठवतेय. बाबा, नाही म्हणू नका, आणि ओढ्याकडच्या जमिनीच्या तुकड्याचं गिऱ्हाईक परत पाठवा. लोनचं मी बघते. नोकरीचं विचारत होतात, इथल्या फॉरेस्ट सर्व्हिसमध्ये नागरिकत्व लागतं, ते माझ्याकडे नाही, पण डिग्रीनंतर वर्षभर दुसरीकडे काम करता येतं. आई, त्या स्थळाचं म्हणशील तर जूननंतर बोलते त्याच्याशी, तोवर त्यांना सांग की मुलगी ऑफिसात बसणारी नाही, मग बघू किती उत्साह राहतो.

मुहूर्त गोरज असेल तर इथे सकाळचे सात-साडेसात, त्या दिवशी फिल्ड नसेल तर पूर्ण वेळ व्हिडिओवर आहे. करवली म्हणून काकांच्या धाकटीला उभी करा. माझी हिरवी पैठणी कपाटात वरच्या खणात आहे, ब्लाऊज तिला सैल होईल, आतून टाके घालून दे.

तुमची,
धाकटी