अर्ज आधीच भरून हातात द्या

संपादक महोदय,
‘पात्र असूनही लोक योजनांचा लाभ घेत नाहीत’ ही तक्रार नेहमीचीच. पण दोष लोकांच्या अनास्थेचा नाही. बीड जिल्ह्यातली ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या सुमारास कारखान्यांवर जातात, ती उन्हाळा लागताना परततात. ऐन हंगामात गावात शिबिर लावलं तर यायचं कोणी? तेच पोळ्याच्या आठवड्यात, बाजाराच्या दिवशी लावून पाहा.

दारिद्र्यरेषेखालील घरातला कमावता माणूस गेला, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेत २०,००० रुपये मिळतात. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत होतेच. मग त्याच टेबलावर, नाव-गाव आधीच लिहिलेला अर्ज त्या बाईच्या हातात का ठेवत नाहीत? दुःखात असलेल्या बाईने कापडी पिशवीत झेरॉक्स कोंबून तहसीलच्या पायऱ्या झिजवायच्या, आणि तिथे ऐकायचं काय, तर ‘उत्पन्नाचा दाखला जुना झाला’! हे मी पाहिलंय, फार जीव तुटतो.

सोय केली की लोक येतात, हे दिसलंही आहे. राजस्थानच्या उदयपूर जिल्ह्यातल्या खेड्यांत अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. नुसतं दरमहा ठरल्या दिवशी लसीकरण शिबिर भरवलं, तर पूर्ण लसीकरण झालेली बालकं १८ टक्के झाली; शिबिर नसलेल्या गावांत ती ६ टक्केच होती. प्रत्येक लशीला किलोभर डाळ दिली तिथे ३९ टक्के!

जिल्हा प्रशासनाने निदान भरलेल्या अर्जांची सुरुवात एका तालुक्यापासून करावी.

– एक निवृत्त शिक्षिका, केज (जि. बीड)