सिस्टर, माईकवर तुमचं नाव राहिलं म्हणून हे पत्र

प्रिय सिस्टर,

प्रभूच्या नावात सलाम.

मागच्या रविवारी आमच्या मंडळीत, आपण नेपाळच्या कुष्ठरोगाच्या दवाखान्यात सेवा करून आलो त्याबद्दल आभाराची उपासना झाली, तुम्ही धुळ्याला होतात त्यामुळे तुम्हाला माहीत नसेल. माईकवरून खूप नावं घेतली, देणगी देणारे, बुकिंग करून देणारे, प्रार्थना करणारे, आणि जे गोरखपूरवरूनच परत फिरले त्यांचंसुद्धा नाव घेतलं, हार घातला, टाळ्या झाल्या. तुमचं नाव कोणीच घेतलं नाही. मी बोलायला उठले तर वेळ झाला म्हणून शेवटचं गीत सुरू केलं. तेव्हापासून माझ्या गळ्याशी आलंय ते जात नाहीये, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. खानदेशातल्या सगळ्या मंडळ्यांनी वाचावं.

आमच्या गटाचे जे मुख्य होते ते इथे भुसावळला गाडी सुटेपर्यंत सगळ्यांना शिस्त शिकवत होते. पोरी जास्त नकोत, परदेश आहे, जबाबदारी कोण घेणार, हे त्यांनीच मीटिंगमध्ये मोठ्या आवाजात विचारलं होतं. आणि गोरखपूरला उतरल्यावर तब्येत बरी नाही म्हणून पहिली मिळेल ती गाडी धरून घरी गेले. आजारी माणसाला कोण नावं ठेवेल, पण त्याच आठवड्यात अमळनेरच्या एका लग्नात जेवतानाचे त्यांचे फोटो सगळ्यांनी बघितले. मला त्याचा आजही राग येतो आणि तो मी लपवणार नाही. पाळकसाहेबांनी फोनवर एवढंच सांगितलं की रजिस्टर तुझ्याकडे आहे ना, मग आता तूच बघ.

नेपाळच्या हद्दीवर सोनौलीच्या गेटवरची ती दुपार तुम्हाला आठवते का माहीत नाही, मला मिनिटा-मिनिटाने आठवते. ऊन आपल्या जळगावासारखंच, ट्रकांची ही मोठी रांग, पोरं एकमेकांवर ओरडत होती, दोघे मोठे भाऊ मीच पुढे होतो म्हणून वाद घालत होते आणि मी हातात रजिस्टर घेऊन नावं पुकारत होते आणि एक माणूस ऐकत नव्हता. आमच्यात तुम्ही वयाने सगळ्यात मोठ्या, जन्म मिशनच्या दवाखान्यात गेला, बाहेरच्या माणसांशी बोलायची सवय, तुम्ही एक शब्द टाकला असता तर सगळे गप्प बसून तुमच्या मागे चालले असते आणि मीही सुटले म्हणून खुशीत चालले असते. तुम्ही तसं केलं नाही. तुम्ही दोन्ही पिशव्या उचलल्या, सगळ्यांच्या मधून चालत माझ्यापुढे आलात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलंत, "माय, सांग, मी कोठे उभी राहू?"

एवढंच. मी बोट दाखवलं तिथे भिंतीला लागून तुम्ही जाऊन उभ्या राहिलात. सावली पलीकडे होती, तिकडे गेला नाहीत, मी सांगेपर्यंत हलला नाहीत. मग तुमच्यामागे एक पोरगी येऊन उभी राहिली, मग दुसरी, मग ते दोघे भाऊपण आले. माझा आवाज तोपर्यंत थरथरत होता तो कधी सरळ झाला मलाच कळलं नाही. सिस्टर, मला तरुण संघात लीडरशिपवर कितीतरी भाषणं ऐकवली गेली, वही भरून नोट्स आहेत माझ्याकडे, पण माझ्यावर कोणी विश्वास टाकला असं मला वाटलं ते त्या दिवशी आणि ते तुमच्यामुळे.

पुढचं मी जास्त सांगत नाही, बस, घाट, उलट्या, सगळ्यांना माहितीये. नेपाळमधल्या तानसेन गावावरून जाताना तुम्ही सांगितलं की तिथला मिशन दवाखाना ज्या संस्थेने उभा केला ती युनायटेड मिशन टू नेपाळ १९५४ साली आपल्या नागपुरात स्थापन झाली. मला हे अजिबात माहीत नव्हतं. आपल्याकडे परदेशातून मिशनरी आले, शाळा काढल्या, दवाखाने काढले, आपल्या आजी-आजोबांनी त्यांच्याकडून औषध घेतलं, आणि आपणही कोणासाठी तरी निघू शकतो हे आपल्या मंडळ्यांना अजून खरं वाटत नाही.

आणि कुष्ठरोगाच्या दवाखान्यातलं ते काम. पोरांनी घरून निघताना गिटार घेतली होती, नाटिका बसवली होती, आणि तिथे गेल्यावर काम काय तर पेशंटचे पाय पाण्यात भिजवायचे, घट्टे दगडाने हळूहळू घासायचे आणि पाय ओले असतानाच तेल लावायचं. पहिल्या दिवशी निम्मे जण दारातच उभे. तुम्ही सकाळी माझ्याकडे येऊन विचारलंत, "आज माले काय काम शे?" मी म्हटलं पायांचं, आणि तुम्ही गुडघे दुखत असताना खाली पाटावर बसलात. बसल्या बसल्या त्या पोरांना समजावून सांगितलं की या रोगात नसा मरतात, पायाला काही जाणवतच नाही, माणूस चुलीजवळ बसतो आणि पाय भाजलेला त्याला कळत नाही, चपलेत खडा गेला तरी तो चालतच राहतो, जखम होते, चिघळते, बोटं जातात ती अशी. म्हणून रोज पाय बघायचे, भिजवायचे, मऊ ठेवायचे. औषध सुरू केलं की थोड्याच दिवसांत रोग दुसऱ्याला लागत नाही, गोळ्यांचा कोर्स सहा महिन्यांचा नाहीतर बारा महिन्यांचा, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो, आपल्याकडेही मिळतो. हे ऐकल्यावर दारातले आत आले. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले हे आम्ही शब्बाथशाळेत किती वेळा ऐकलंय, तिथे पहिल्यांदा हाताने केलं.

धर्मप्रचाराच्या पत्रिकांचं भांडण झालं तेव्हाही तुम्हीच होतात. दोघा-तिघांनी बॅगेतून पत्रिका आणल्या होत्या, बाजारात वाटायच्या म्हणत होते. नेपाळमध्ये कोणाचं धर्मांतर करणं हा गुन्हा आहे, नवीन फौजदारी कायदा २०१८ पासून लागू झालाय, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आपण तर चार दिवसांनी घरी जाऊ, त्रास होईल तो तिथल्या दवाखान्याला, तिथल्या भाऊ-बहिणींना. मी सगळ्या पत्रिका मागून घेतल्या आणि बॅगेत बंद केल्या. मला म्हणाले की तुझा विश्वास कमी आहे. फार लागलं ते. तुम्ही त्यांच्याशी वाद घातला नाही, एवढंच म्हणालात की लीडरने सांगितलं ना, मग झालं, चला, पाणी गरम झालंय.

तुम्हाला मला काही सुचवायचं असलं तर तुम्ही रात्री भांडी घासताना सांगायचात, माझ्या एकटीला, आणि सकाळी पुन्हा सगळ्यांपुढे मलाच काम विचारायचात. शनिवारच्या उपासनेत, त्यांची सुट्टी शनिवारी असते म्हणून उपासनाही शनिवारीच, तिथल्या पाळकांनी तुम्हाला मोठ्या समजून दोन शब्द बोलायला बोलावलं, तर तुम्ही माझ्याकडे हात केलात. त्याच उपासनेत एका ताईने २०१५ च्या भूकंपाची साक्ष सांगितली. तोही शनिवारच होता, दुपारी बाराच्या आत, खूप ठिकाणी लोक उपासनेतच बसलेले होते. ती सांगताना तुम्ही तिचा हात धरून बसला होतात आणि तुम्हाला तिची नेपाळी अर्धीसुद्धा कळत नव्हती.

अशी माणसं आपल्या खानदेशात आहेत सिस्टर, म्हणून तर चाललंय सगळं. दवाखान्यातली आया, संडे स्कूल घेणारी बाई, उपासना संपल्यावर सतरंज्या गुंडाळणारे काका, यांना कधी कोणी हार घालत नाही. यांना सगळं येत असतं आणि तरी दुसऱ्याला पुढे करतात. ज्यांना काही येत नाही त्यांचीच पुढे बसायची घाई बघून बघून माझं डोकं फिरतं, पण तुमच्यासारखं एक माणूस भेटलं की परत मंडळीत जावंसं वाटतं.

पुढच्या वर्षी परत जायचं ठरतंय आणि यावेळी माझं नाव मीटिंगमध्ये पाळकसाहेबांनी स्वतः सुचवलं. मी एक अट घातलीय, जाण्याआधी सगळ्यांना पायांचं काम तुम्ही शिकवणार, धुळ्यावरून तुम्हाला घ्यायला गाडी येईल. आणि तुम्ही आमच्यासोबत यायचंय. गुडघ्याचं कारण सांगू नका, बसमधली पुढची सीट तुमची म्हणून मी आधीच लिहून ठेवलीय.

तुमचीच,
रजिस्टरवाली पोर