आई-नानांना, शेताविषयी आणि परसबागेविषयी

तीर्थस्वरूप आई आणि नाना यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की नाना गप्प होतात आणि आई पाहुण्यांची चौकशी करू लागते, म्हणून लिहीत आहे. यंदाच्या आखाजीपासून नदीकडचे शेत निम्म्या वाट्याच्या बटाईने द्यायचे भाऊने आणि मी ठरवले आहे, आणि तसा शब्दही दिला आहे. नाना, जमीन कुठेही जात नाही. सातबाऱ्यावर तुमचेच नाव राहील, पीकही तुम्हीच ठरवाल, आणि कळण्याच्या भाकरीपुरती ज्वारी व उडीद आपल्या वाट्यातून घरी येतील. मात्र मागच्या वैशाखात बांधावर जे झाले, त्यानंतर 45 अंशांच्या उन्हात तुम्हाला पुन्हा कपाशीच्या रानात जाऊ देण्याचे धैर्य आम्हा दोघांत नाही.

शेत सुटले म्हणजे हात रिकामे झाले, असे कृपा करून मनात आणू नका. घरामागची जागा मी परसबागेसाठी नीट करून घेत आहे. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात, म्हणून विटा लावून वाफे गुडघ्याच्या वर उचलून घेणार आहे, त्यामुळे नानांना वाकावे किंवा उकिडवे बसावे लागणार नाही. त्यात भरपूर शेणखत मिसळून माती मृगापर्यंत तापू द्यायची आणि ठिबकची नळी आताच टाकून घ्यायची. पहिल्या पावसानंतर मेथी टाकली तर महिन्याभरात खुडता येईल, भेंडी आणि गवार दीड-दोन महिन्यांत सुरू होतील, आणि गिलकी, दोडकी, वाल मांडवावर चढवले की आईला ओट्यापासून दहा पावलांवर भाजी मिळेल. बाजारातल्या भाजीवर कोणती फवारणी कधी झाली, हे आपल्याला कळत नाही. या वयात तुमच्या ताटात काय येते, याची मला खरोखर काळजी वाटते.

भरिताची वांगी मात्र हवीतच. 2016 साली जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाले, पण आपल्या घरी त्याचे बी आईच्या गाडग्यात त्याच्या कितीतरी आधीपासून राखेत जपलेले आहे. जूनमध्ये रोपे टाकून महिना-सव्वा महिन्याने ती लावली, तर चंपाषष्ठीच्या भरीत-रोडग्याला घरची वांगी निघतील. आई, लहानपणी त्या दिवशी मी चुलीपुढून हलत नसे आणि तू भाजलेल्या वांग्याचा पहिला घास फुंकून माझ्या तोंडात घालत असायचीस. ते आठवले की आजही तुझ्याजवळ येऊन बसावेसे वाटते.

आता काही गोष्टी सांगते, त्या ऐकायच्याच. नाना, बागेत सकाळी आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावरच जायचे, डोक्याला उपरणे बांधून आणि रक्तदाबाची गोळी घेऊनच. पाण्याची बादली उचलायची नाही, ठिबकचा नळ फक्त फिरवायचा. आई, डाळ-तांदूळ धुतलेले पाणी पालेभाजीला चालेल, साबणाचे पाणी मात्र केळी आणि शेवग्याकडेच सोडायचे. मातीवर केळीची वाळलेली पाने पसरून ठेवली की ओल टिकते. मावा दिसला तर कुटलेली निंबोळी 50 ग्रॅम एका लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, संध्याकाळी फवारायची. औषधाच्या दुकानात जायचे नाही. जीवामृत करायचे तर किलोभर शेण, लिटरभर गोमूत्र, शंभर-शंभर ग्रॅम गूळ आणि बेसन, आणि वीस लिटर पाणी एवढेच पुरे. शेतासाठी करता तसे दोनशे लिटरचे पिंप भरायचे नाही.

नाना, मला बियाण्याचे किंवा मातीचे तुमच्याइतके कधीच कळणार नाही. हे वाफे तुमच्याशिवाय उभे राहू शकत नाहीत, हे मी तुमच्या समाधानासाठी म्हणत नाही. कोणत्या वाफ्यात काय घ्यायचे, गंगाफळाचा वेल कुंपणावर सोडायचा की छपरावर, हे तुम्ही ठरवा आणि कागदावर काढून भाऊकडे द्या. गवंडी आखाजीच्या आदल्या आठवड्यात येणार आहे, त्याच्या आधी तो कागद मला हवा आहे.

तुमची,
बेबी