जपानी प्रौढांना इंग्रजी शिकवताना मराठी कामी येते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जोडीदाराच्या नोकरीमुळे टोकियोत राहायला आलेली अनेक पदवीधर मराठी मंडळी जपानी प्रौढांना इंग्रजी शिकवण्याचा विचार करतात. 'डिपेंडंट' व्हिसावर स्वतंत्र परवानगी काढली की आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येते. (घरी स्वतःच्या शिकवण्या घ्यायच्या असतील, तर ते काम त्या परवानगीत बसते का, हे इमिग्रेशन कार्यालयात आधी विचारावे.) तयारी म्हणून मात्र बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो अमेरिकी उच्चारांच्या वर्गाचा. ही सुरुवातच चुकीची आहे, म्हणून हे पत्र.

मराठी आणि जपानी वाक्यांची ठेवण विलक्षण सारखी आहे. क्रियापद शेवटी येते. 'घरात', 'घरापासून' यांतल्यासारखी शेपटी जपानीतही नामाच्या मागे लागते. 'मी काल घेतलेले पुस्तक' हे जपानीत जवळपास याच क्रमाने म्हणतात. इंग्रजीत पुस्तक आधी आणि 'काल घेतलेले' नंतर. जपानी विद्यार्थी नेमका इथे अडखळतो. तो सगळे वर्णन मनात जुळवत बसतो आणि तोंडातून काहीच निघत नाही. मराठी शिक्षकाला ही अडचण सांगावी लागत नाही. उपाय साधा आहे: फळ्यावर फक्त 'द बुक' लिहावे आणि त्याच्यानंतर प्रत्येकाने एकेक तुकडा जोडावा. असे रोज दहा मिनिटे. 'अ' आणि 'द' यांचेही तसेच; दोन्ही भाषांत ती नाहीत. नियमांची यादी देण्याऐवजी 'एक माणूस आला, तो माणूस म्हणाला' या वळणाने छोटी गोष्ट सांगून घेतली, तर पहिल्या उल्लेखाला 'अ' आणि दुसऱ्याला 'द' आपोआप बसू लागते.

नकारार्थी प्रश्नातही आपण त्यांच्याच बाजूचे. 'तुम्ही मासे खात नाही का?' याला मराठी माणूस 'हो, नाही खात' म्हणतो, जपानी माणूसही 'हाइ', म्हणजे 'हो', म्हणतो. इंग्रजीत तिथे 'नो' हवे. विद्यार्थ्याला सांगावे, प्रश्न विसरा. खात असाल तर 'येस', नसाल तर 'नो'.

उच्चारांत आपल्याला स्वतःवर मेहनत घ्यावी लागते ती तीन ठिकाणी, आणि तिथे हयगय चालत नाही. पहिला 'र'. जपानी 'र' आपल्यासारखाच, जिभेचे टोक वरच्या हिरडीला एकदा हलकेच आपटून निघतो. आपण मराठी वळणाने 'राइट' म्हटले, की विद्यार्थ्याला त्याचाच ध्वनी ऐकू येतो आणि 'लाइट' व 'राइट' यांतला फरक त्याला कधीच कळत नाही. इंग्रजी 'र' म्हणताना जीभ कुठेही टेकत नाही, ओठ किंचित गोल होतात. स्वतःची परीक्षा घ्यायची असेल, तर तो ध्वनी दोन सेकंद ताणून पाहावा. जीभ न थरथरता ताणता आला तर बरोबर. दुसरा 'थ'. 'थिंक'मधला आपला 'थ' हवा पूर्ण अडवतो, इंग्रजीत ती दातांमधून सुटत राहते. तोही ताणता यायला हवा. जपानी विद्यार्थी तिथे 'स' किंवा 'श' म्हणतो. तिसरा 'व'. 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' आपण बहुधा एकसारखेच म्हणतो. पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला लागले पाहिजेत. जपानी माणूस तिथे 'ब' म्हणतो, म्हणून आरसा समोर ठेवूनच हा पाठ घ्यावा.

जोडाक्षरे आपल्याला सोपी, त्यांना अवघड. 'स्ट्राइक' जपानीत सु-तो-रा-इ-कु असे पाच ठोक्यांचे होते, इंग्रजीत तो एकच ठोका. मागून बांधत जावे: आइक, राइक, ट्राइक, स्ट्राइक, प्रत्येक वेळी एकच टाळी. जपानीत मुरलेले इंग्रजी शब्दही फसवतात. तिथे 'मान्शोन' (मॅन्शन) म्हणजे इमारतीतला फ्लॅट, 'कुरेमु' (क्लेम) म्हणजे तक्रार, 'कानिंगु' (कनिंग) म्हणजे परीक्षेतली कॉपी. आपल्या इंग्रजीतही 'प्रीपोन', 'आउट ऑफ स्टेशन' आहेतच, आणि कॉलेजातून 'पास आउट' झालो म्हटले तर परदेशी ऐकणाऱ्याला वाटते की माणूस बेशुद्ध पडला. वर्गात जाण्यापूर्वी आपले हे शब्द चाळून घ्यावेत.

सर्वांत जास्त नुकसान होते ते शिक्षकाच्या घाईमुळे. प्रश्न विचारल्यावर वर्ग शांत राहिला, की आपण दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतो. मनात सातपर्यंत मोजावे. त्याहून चांगले म्हणजे अर्धा मिनिट लिहायला द्यावे, एक मिनिट शेजाऱ्याशी बोलू द्यावे आणि मगच विचारावे. कंपनीतल्या वर्गात साहेब बसलेले असतील, तर कनिष्ठ त्यांच्याआधी बोलत नाही, म्हणून जोड्या पाडूनच काम घ्यावे. चुका लगेच, सर्वांसमोर दुरुस्त करू नयेत. त्या वहीत टिपून शेवटच्या पाच मिनिटांत नाव न घेता फळ्यावर मांडाव्यात.

'टोइक' या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण पाहून विद्यार्थ्याची पातळी ठरवू नये. कंपन्या सहसा तिच्या ज्या प्रकाराचे गुण मागतात, त्यात २०० प्रश्न असतात, १०० ऐकण्याचे (४५ मिनिटे) आणि १०० वाचनाचे (७५ मिनिटे). बोलणे त्यात तपासलेच जात नाही. ९९० पैकी ८०० गुण मिळवलेला माणूस फोनवर निरोप देताना गप्प होऊ शकतो. पहिल्या तासाला पाच मिनिटे बोलते करून मगच पुस्तक निवडावे.

महाराष्ट्रातल्या भाषाशिक्षक घडवणाऱ्या वर्गांना विनंती आहे की, त्यांनी अमेरिकी लकबींचे तास कमी करून वरचे तीन ध्वनी आणि मराठी-जपानी-इंग्रजी वाक्यरचनेची तुलना अभ्यासक्रमात घ्यावी.

आपली,
एक मराठी शिक्षिका, टोकियो